कंट्रोलचं रक्त

आमच्या लहानपणी 'कंट्रोल' या शब्दाला एकच अर्थ होता, तो म्हणजे रेशनचं दुकान. सरकारी पाटीवर त्याला 'रास्त भाव धान्य दुकान' असं भारदस्त नाव होतं. पण ते नाव घेऊन कोणी पत्ता विचारला असता तर गल्लीतल्या एकालाही सांगता आला नसता. आई पिशवी आणि कार्ड हातात देऊन म्हणायची, "जा, कंट्रोलवर साखर आलीय का बघून ये." साखर बहुधा आलेली नसायची. तांदूळ आलेला असायचा, पण त्यात खडे आहेत की खड्यांत तांदूळ आहे, यावर घरात वाद होत. 'कंट्रोलचा माल' म्हणजे हलका माल, हे समीकरण डोक्यात इतकं पक्कं बसलं, की पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, 'इंटर्नल कंट्रोल'वर खात्याची परीक्षाही दिली, तरी तो शब्द कानावर पडला की अजून नाकाला रॉकेलचा वास येतो.

त्यामुळे आमची भाची एका रविवारी पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाली, "मामा, तू माझा कंट्रोल होशील का?" तेव्हा मी क्षणभर गप्पच झालो.

भाची पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. काय करते ते तिने आम्हाला तीन वेळा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा आम्ही "वा वा" म्हणालो होतो. "वा वा" म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही, ही युक्ती मी बँकेच्या वार्षिक बैठकीत शिकलो.

"कंट्रोल म्हणजे नक्की काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही. थोडं रक्त द्यायचं. आम्हाला एक निरोगी, साधा माणूस हवाय. ज्याच्यात विशेष असं काहीच नाही."

"मग बरोबर पत्त्यावर आलीस," आमची ही आतून म्हणाली.

आता चाळिशी ओलांडलेल्या माणसाला साखर नाही, ब्लडप्रेशर नाही, एकही गोळी चालू नाही, ही माझ्या दृष्टीने कर्तबगारीच होती. पण आयुष्यात पहिल्यांदाच माझी कुठेतरी निवड होत होती, आणि तीही 'विशेष काही नाही' या एकमेव गुणावर. मी हो म्हटलं.

प्रयोगशाळेत गेल्यावर एका बाईंनी मला चार पानी संमतिपत्र मराठीत वाचून दाखवलं. कधीही माघार घेता येईल, नाव कुठेही छापलं जाणार नाही, माझ्या नावाऐवजी एक आकडा राहील. बँकेत मी रोज लोकांच्या सह्या घेतो. पण सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखवणारी संस्था मी पहिल्यांदाच पाहिली. मग सहा नळ्या, म्हणजे साधारण साठ मिलिलिटर रक्त काढलं. एवढं रक्त गेल्यावर निदान एखादा कप कॉफी आणि दोन ग्लुकोजची बिस्किटं मिळतात. मी तीन खाल्ली.

त्यानंतर भाचीने मला आतलं काम दाखवलं. मी कॉमर्सचा माणूस. माझ्या शास्त्राचा शेवट दहावीला बेडकाच्या चित्रापाशी झालेला. पण तिने जे सांगितलं ते मला चक्क कळलं, कारण तिची प्रयोगशाळा म्हणजे, थोड्या फरकाने, आमची शाखाच निघाली.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. 'शत्रू आलाय', 'इकडे या', 'आता पुरे' असे. हे निरोप म्हणजे छोटी छोटी प्रथिनं; त्यांना सायटोकाइन म्हणतात. हे नाव १९७४ साली आलं, पण त्यातला इंटरफेरॉन त्याहून जुना. लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी १९५७ साली त्याला शोधलं आणि नाव दिलं. भाचीला हवा असतो तो त्याच घराण्यातला गॅमा इंटरफेरॉन. क्षयरोग्याच्या घरात राहणाऱ्या माणसांच्या पेशी त्या जंतूची प्रथिनं पाहून हा निरोप लिहितात का, किती पेशी लिहितात, हे तिला मोजायचं होतं.

"मग रक्तात किती आहे ते मोज की," मी म्हटलं.

"तसं मोजलं तर एकूण किती ते कळतं, पण कोणत्या पेशीने केलं ते कळत नाही. मला पेशीच्या आत बघायचंय. आणि आत तर काही उरतच नाही. तयार झालं की लगेच बाहेर."

हे मात्र मला उदाहरणाशिवाय समजलं. एक तारखेला पगार जमा होतो आणि दोन तारखेला हप्ता, दूध, शिकवणी, वीज करत बाहेर पडतो. पाच तारखेला माझं पासबुक बघून कोणी माझं उत्पन्न ठरवू लागला तर तो मला दारिद्र्यरेषेखालचं कार्ड देईल. माणसाची कमाई मोजायची तर एक तारखेलाच दाराला कडी लावली पाहिजे.

ती अगदी तेच करते. पेशींना जंतूचं प्रथिन दाखवते, आणि बरोबर ब्रेफेल्डिन नावाचं औषध घालते. हे औषध पेनिसिलियम कुळातल्या एका बुरशीपासून मिळतं आणि पेशीच्या आतलं जावक खातं बंद पाडतं. निरोप लिहिला जातो, पण टपालात पडत नाही. शरीराच्या उष्णतेला, म्हणजे ३७ अंशांवर, पाच-सहा तास ठेवलं की आत ढीग साचतो. आमच्याकडे लिंक गेल्यावर काउंटरवर व्हाउचरांचा साचतो तसा.

मग पेशींना फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणात जागच्या जागी गोठवतात, म्हणजे ढीग हलत नाही. पण आता आत शिरायचं कसं? त्यासाठी सॅपोनिन. हे नाव मला परकं वाटलं, पण हे म्हणजे आमच्या आजीच्या रिठ्यात फेस आणणारं जे द्रव्य, त्याच जातीचं. प्रयोगशाळेत ते परदेशी झाडाच्या सालीतून येतं, एवढाच फरक. ते पेशीच्या पापुद्र्याला बारीक भोकं पाडतं. गंमत अशी, की सॅपोनिन धुऊन टाकलं की भोकं पुन्हा मिटतात. म्हणून प्रत्येक धुण्यात ते घालावंच लागतं. आमची आजी दर रविवारी चार डोकी रिठ्याने न्हाऊ घालायची. आपण केवढ्या मोठ्या तंत्रज्ञानाच्या उंबरठ्यावर बसलो आहोत, याची तिला कल्पना नव्हती.

भोकांतून आत जाते ती रंग लावलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी. गॅमा इंटरफेरॉन दिसला की त्यालाच चिकटायचं, दुसऱ्याकडे ढुंकून बघायचं नाही, अशी एका वाणाची. ही बनवायची रीत केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली काढली आणि १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. मग पेशी एका यंत्रात सोडतात. तिथे त्या एकामागे एक, रांगेत, लेझरच्या झोतासमोरून जातात. सेकंदाला हजारो. ज्या पेशीत निरोप आहे ती चमकते, यंत्र तिची नोंद घेतं. एवढी शिस्तीची रांग मी बँकेत वीस वर्षांत पाहिलेली नाही. "माझं फक्त एकच काम आहे, मधे घेता का?" असं विचारणारी एकही पेशी नव्हती.

"झालं तर मग," मी म्हटलं. "चमकली ती मोजायची."

भाची हसली. "मामा, चमकतं ते सगळं खरं असतं का?"

आणि मला आमचे अण्णा आठवले.

२००५ साल. मी बँकेत नवा, कॅश काउंटरवर त्याहून नवा. हेडकॅशिअर होते त्यांना सगळी शाखा अण्णा म्हणायची. माझ्या टेबलावर खोट्या नोटा ओळखायचा जांभळा दिवा होता. खऱ्या नोटेचा कागद त्या दिव्याखाली काळसर राहतो. फक्त नंबराची जागा आणि मधले बारीक तंतू चमकतात. एक दिवस धोतर-टोपीतले एक आजोबा पाचशेची नोट घेऊन आले. मी ती दिव्याखाली धरली आणि अख्खी नोट निळीशार पेटली. माझे हात कापायला लागले. मी नोट बाजूला ठेवली, आवाज चढवून म्हणालो, "ही कुठून आणलीत?" रांग थांबली. आजोबांचा चेहरा पांढरा पडला. "पेन्शनची आहे हो," एवढंच ते म्हणाले.

अण्णा उठले. मला वाटलं, आता पोलिसांना फोन. त्यांनी नोट हातात घेतली, कागद चुरून पाहिला, उजेडात धरून पाहिली. मग शांतपणे खिशातला स्वतःचा पांढरा रुमाल काढला आणि दिव्याखाली धरला. रुमाल नोटेपेक्षा जास्त पेटला.

"रुमालही खोटा का रे?" त्यांनी विचारलं.

नोट आजोबांच्या सदऱ्यासकट धुतली गेली होती. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे द्रव्य असतं तेच दिव्याखाली चमकतं. आजोबा खरे, नोट खरी, दिवाही खरा. खोटा होता तो माझा निष्कर्ष. अण्णांनी आजोबांना आपल्या खुर्चीत बसवून चहा पाजला आणि गेल्यावर मला म्हणाले, "दिव्याजवळ नेहमी एक ओळखीची चांगली नोट ठेवत जा आणि एक रुमाल. आधी त्या बघायच्या. मग लोकांच्या चेहऱ्याकडे."

ही गोष्ट मी भाचीला सांगितली. ती म्हणाली, "अरे मामा, हाच तर कंट्रोल!"

तेव्हा मला कळलं, की रेशनच्या दुकानाखेरीजही कंट्रोल असतात आणि तिच्या एका दिवसाच्या कामात खऱ्या नमुन्यांपेक्षा त्यांचीच गर्दी जास्त असते. एक नळी अशी, की जिच्यात जंतूचं प्रथिन घालायचंच नाही. बाकी सगळं तसंच. त्यात जे चमकेल तो रुमाल. दुसरी नळी अशी, की पेशींना असं काही पाजायचं की त्या बोंब मारणारच. त्यासाठी ती जे विष वापरते, ते नासलेल्या मिठाईत वाढणाऱ्या, जुलाब-उलट्या करवणाऱ्या जंतूंच्या जातीचंच. त्यावरही पेशी गप्प राहिल्या तर पेशीच मेल्या किंवा औषध तरी शिळं. मेलेल्या पेशींचा वेगळा उपद्रव. त्या दिसेल त्या रंगाला चिकटतात, आणि चमकतात जिवंतांपेक्षा जास्त. म्हणून फक्त मेलेल्यांच्या आत शिरून बसणारा एक रंग आधीच घालतात आणि त्यांना हिशेबातून वगळतात. आमच्याकडे निष्क्रिय खाती वेगळी काढतात तसं.

मग रंगांची भानगड. एका वेळी सात-आठ रंग. हिरव्या रंगाचा थोडा उजेड पिवळ्याच्या खिडकीत सांडतो. शेजारी सुरमई तळली की आमच्या वरणभाताला जो मान येतो, तोच प्रकार. म्हणून प्रत्येक रंगाची एकट्याची नळी चालवून किती सांडतो ते मोजायचं आणि वजा करायचं.

आणि शेवटचा कंट्रोल ऐकून मी मनातून हादरलो. त्यात सगळे रंग घालतात, फक्त एक सोडून. त्या गैरहजर रंगाच्या खिडकीत तरीही जे काही दिसतं, ते सगळं बाकीच्यांचं सांडलेलं. खरं मोजमाप त्या रेषेच्या वर सुरू होतं.

आता हे कोणाला सांगू नका, पण गेल्या दिवाळीत मी पंधरा दिवस रजेवर गेलो होतो. माझ्या मागे शाखा कोलमडेल या काळजीने मला महाबळेश्वरला झोप लागली नाही. परत आलो तर मॅनेजरसाहेब प्रेमाने म्हणाले, "अरे, तुम्ही नव्हतात? कळलंच नाही." ही मी दोन दिवस स्तुती समजत होतो. भाचीने तो कंट्रोल समजावला तेव्हा लख्ख उजेड पडला. माझ्या खिडकीत जे काम दिसत होतं ते शेजारच्या दोन खिडक्यांतून सांडलेलं होतं. मॅनेजरसाहेबांनी नकळत शास्त्रशुद्ध प्रयोग केला होता.

माझं रक्त मात्र या सगळ्यांहून वेगळ्या कामाला होतं. त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून, दहा-बारा कुप्यांत भरून, द्रव नायट्रोजनच्या टाकीत उणे १९६ अंशांवर ठेवल्या होत्या. दर वेळी नमुने चालवताना त्यांच्याबरोबर माझी एक कुपी वितळवायची. मी काही बदलत नाही. मी गोठलेला आहे. तेव्हा माझा आकडा नेहमी तोच यायला हवा. बदलला तर बदललं ते दुसरंच काहीतरी. माझ्या पेशींनी त्या जंतूला ओळखलं की नाही, हे भाचीने मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खातेदाराची शिल्लक त्याच्या मामालासुद्धा सांगायची नसते. इथे तर खातेदारच मामा.

असे सहा महिने गेले. मी काउंटरवर बसून नोटा मोजत होतो आणि मीच तिकडे नायट्रोजनच्या धुरात बसून विज्ञानाची सेवा करत होतो. घरी कोणी मला कामचुकार म्हटलं की मी मनात म्हणायचो, या क्षणी मी दोन ठिकाणी कामावर आहे.

मग एका रात्री साडेअकराला फोन आला. बँकेतल्या माणसाला रात्री फोन आला की पहिला विचार स्ट्राँगरूमच्या अलार्मचा येतो. पण फोन भाचीचा होता.

"मामा, तुमच्याकडे कॅश जास्त आली तर काय करता रे?"

"किती जास्त?"

ती एकदम रडायलाच लागली.

हळूहळू कळलं ते असं. त्या दिवशी तिने चार जणांचे नमुने चालवले होते. चौथा नमुना एका लहान मुलाचा. आठ महिने ती ज्याची वाट बघत होती तसा ठळक आकडा पहिल्यांदाच त्यात आला होता. तिचा सगळा तर्क त्या एका आकड्यावर उभा राहत होता. आनंदाने ती नाचणार, एवढ्यात तिने कंट्रोलची ओळ बघितली. जिच्यात काहीच घालायचं नसतं त्या नळीत एरवी शेकडा ०.०३ पेशी चमकत. त्या दिवशी चमकल्या ०.३१. दहापट.

"कंट्रोल म्हणजे..." मी म्हटलं.

"कंट्रोल म्हणजे कंट्रोल," ती नाक ओढत म्हणाली. ती काही बोलली नाही, मी काही ओळखलं नाही. पण मनात म्हटलं, आपण तर गोठलेले आहोत. आपण कसे पेटलो?

"०.१० च्या वर गेलं तर त्या दिवसाचं सगळं रद्द, असा नियम आहे. मीच लिहिलाय तो, काम सुरू करायच्या आधी. माझीच सही आहे खाली."

"मग?"

"तिघांच्या जादा कुप्या आहेत, त्या पुन्हा चालवता येतील. पण त्या मुलाचं रक्तच मुळी थोडं होतं. दुसरी कुपी नाही. पुन्हा रक्त घेऊन उपयोग नाही, त्याचे उपचार सुरू झालेत. त्या दिवसाचं रक्त आता नाही मिळत, मामा." मग थोडं थांबून म्हणाली, "वजा केलं तरी त्याचा आकडा मोठाच राहतो. ०.३१ वजा करायचं आणि पुढे जायचं. कोणाला काही दिसणार नाही."

अशा वेळी मामाने काहीतरी मोठं बोलायचं असतं. मला मोठं बोलता येत नाही. मी तिला माझी ४,००० रुपयांची गोष्ट सांगितली.

कॅशवर बसून दोन वर्षं झाली असतील. संध्याकाळी हिशेब केला तर ४,००० रुपये जास्त. तीन वेळा मोजले. कमी आले की घाम फुटतो, कारण ते पगारातून भरायचे. जास्त आले की काय होतं हे कोणी शिकवत नाही. छाती जरा हलकी होते. शेजारचा म्हणाला, "नशीब काढलंस. कोणी विचारणार नाही." मी अण्णांकडे बघितलं. अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "कमी आले असते तर तू म्हणाला असतास, माझी मोजण्यात चूक झाली. जास्त आले तर चूक झाली नाही होय? चूक तीच आहे. फक्त तोंड तुझ्याकडे आहे." पैसे रजिस्टरला नोंदवून 'जादा रोकड' म्हणून बँकेच्या खात्यात गेले. चौथ्या दिवशी भाजीवाला आला. त्याच्या गड्ड्या घाईने मोजताना मी एक गठ्ठा विसरलो होतो. मुलीच्या लग्नाचे पैसे होते. तो मागत नव्हता, नुसता हात जोडून उभा होता, कारण बँक चुकते यावर त्याचा विश्वासच नव्हता.

भाची ऐकत होती. मग म्हणाली, "आणि चौथ्या दिवशी कोणीच आलं नसतं तर?"

"तर पैसे तिथेच पडून राहिले असते. पण माझे झाले नसते."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "ठेवते," आणि फोन ठेवला. तिने काय ठरवलं ते तिने सांगितलं नाही. मी अंथरुणावर पडून राहिलो. ही म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "कंट्रोल बिघडला." "झोपा आता," ती म्हणाली, "तुमचा कधी ठीक होता?"

पुढचं मला ताईकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने वही मॅडमपुढे ठेवली. मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दिवा कुठे बिघडलाय ते शोधू. तोवर वजाबाकीलाही अर्थ नाही." दोन दिवस शोधाशोध चालली. कारण निघालं ते अगदी कारकुनी. प्रतिपिंडाची जुनी बाटली संपली होती, नवी उघडली होती. नव्या बाटलीतला माल जुन्यापेक्षा तेज निघाला, आणि हिने जुन्याच मापाने ओतला. रंग जास्त झाला की तो भलत्या ठिकाणीही चिकटतो. नवी बाटली आली की आधी थोडी, मग निम्मी, मग त्याच्या निम्मी असं करत योग्य माप ठरवायचं असतं. ते त्या घाईत राहून गेलं. चुकीचा आकडा आला होता तो मुलाच्या रोगातून नव्हे, बाटलीच्या बुचातून.

योग्य माप ठरवून तिने तिघांच्या कुप्या पुन्हा चालवल्या. कंट्रोल पुन्हा ०.०३ वर आला. मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! तिघांपैकी दोघांत काही नव्हतं. तिसऱ्यात होतं, पण बेताचं. चौथ्याच्या चौकटीत तिने एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'कंट्रोल मर्यादेबाहेर, वगळले.' तो आकडा खरा होता की बाटलीचा, हे आता कधीच कळणार नाही. तिचा तर्क अजून उभाच आहे, पण एका पायावर. आणखी वर्षभर काम वाढलं.

परवा ती घरी आली तेव्हा तिने मला ते पान दाखवलं. आकड्यांची भरगच्च रांग आणि मधे ती रेघ. मी बँकेत हजारो लेजर पाहिली. पण कोऱ्या जागेकडे बघून ऊर भरून येण्याची माझी ही पहिलीच वेळ. मी अर्थातच तसं काही बोललो नाही. मी म्हटलं, "तुझं अक्षर सुधारलं पाहिजे."

ती हसली आणि म्हणाली, "मामा, कंट्रोलच्या कुप्या संपत आल्यात."

नव्या कुप्या आल्या की त्या शेवटच्या जुन्या कुप्यांबरोबर शेजारी शेजारी चालवून बघायच्या असतात. म्हणजे जुन्या पानावरची बाकी नव्या पानावर नीट ओढली जाते. त्यासाठी पुन्हा साठ मिलिलिटर लागणार होतं. माणूस तोच, बदललेला नसलेला, विशेष काही नसलेला. एवढ्या मोठ्या शहरात माझ्याइतका साधा माणूस त्यांना दुसरा मिळत नसणार, असं मी धरून चाललो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आवरलं, धुतलेला शर्ट घातला आणि दारात उभा राहून हिला हाक मारली.

"अगं, पिशवी दे. कंट्रोलवर जाऊन येतो."